पान बघू नको, देठ बघ

मी काकांकडे गेले होते ती खोलीची चौकशी करायला. धुळ्याहून सिल्वासाला येऊन चार दिवस झाले होते. नरोलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात ऑफिस असिस्टंटची नोकरी लागली होती आणि मैत्रिणीच्या मामेबहिणीकडे पथारी टाकून राहायची आता लाज वाटायला लागली होती. कुणीतरी सांगितलं, सरकारी शाळेतून रिटायर झालेले एक काका आहेत, वरची खोली भाड्याने देतात, माणूस चांगला आहे, पण जरा... आणि सांगणाऱ्याने पुढचं वाक्य हाताचा पंजा हवेत हलवून पूर्ण केलं.

फाटकापासून घराच्या दारापर्यंत दहा पावलांची वाट होती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी सुपाएवढाली पानं झुकली होती. मी एक पान हाताने बाजूला केलं, तोच आतून आवाज आला, "हात लावू नका. वाकून या."

मी वाकून गेले. दारात एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे होते. गंजीफ्रॉक, खाकी अर्धी चड्डी आणि कानावर खोचलेली झाडूची हीर.

"वाकता येतं म्हणजे राहता येईल," ते म्हणाले. "तीन गोष्टी ऐका. जिन्यातल्या कुंड्या हलवायच्या नाहीत. त्यांना पाणी घालायचं नाही; दया आली तरी घालायचं नाही. आणि त्यांना इनडोअर प्लांट म्हणायचं नाही. जगातलं कुठलंच झाड घरात जन्मलेलं नाही."

भाड्याचं बोलणं काकूंनी केलं. काकांना त्यात रस नव्हता.

काका मूळचे राजापूरकडचे. तरुणपणी इथल्या शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. परीक्षानळ्या धुणं, बेडूक आणणं, बारावीच्या प्रॅक्टिकलला फांद्या-पानं गोळा करून टेबलावर मांडणं हे त्यांचं काम. पानाखालची चिठ्ठी मात्र शिक्षक लिहायचे. पहिल्याच वर्षी एका शिक्षकाने चुकीचं नाव लिहिलं. काकांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. पाहुण्यांना दाखवायचे. "नाव माझंच बरोबर होतं," म्हणायचे, "पण ते या कागदावर लिहायचं राहिलं."

घरात माणसांनी कुठे बसायचं ते झाडं ठरवत. पूर्वेची खिडकी रुंद, फाटक्या पानांच्या एका मॉन्स्टेराकडे होती, म्हणून टीव्ही जिन्याखाली गेला होता. सोफा सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात होता. काकू तिथे दिवा लावून भाजी निवडायच्या. मी एकदा विचारलं, तर काका म्हणाले, "माणसाला अंधारात राहता येतं. तो चालत जाऊन उजेडात बसू शकतो. याला पाय आहेत का?"

"मला पाय आहेत, पण तुमच्या कुंड्यांमधून टाकायला जागा आहे का?" काकू आतून म्हणाल्या. हा संवाद त्या घरात आठवड्यातून एकदा तरी व्हायचा आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नव्हता.

कानावरची हीर पाणी मोजायला होती. ती कुंडीत बोटभर खोल खुपसायची आणि बाहेर काढून बघायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही, कोरडी आली तर पाणी. उजेड बघायला ते पानाच्या वर आपला पंजा धरत. पानावर पंजाची सावली कातरून ठेवल्यासारखी ठसठशीत पडली, तर ऊन जास्त. सावलीची कड पुसट झाली, तर या मोठ्या पानांच्या झाडांना एकदम पसंत. सावलीच पडली नाही, तर ती जागा चपला ठेवायला बरी. हे ते कुठेही करत, लोकांच्या घरी, दवाखान्यात, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर. नवरीला वाटलं आशीर्वाद देतायत. ती वाकली.

"पान बघू नको, देठ बघ," हे त्यांचं पालुपद. मोठ्या पानांच्या झाडांत लोक पानाला भुलतात, असं त्यांचं ठाम मत होतं. पान सगळ्यांचं सारखंच दिसतं, हिरवं, रुंद, बदामी किंवा फाटलेलं. खरी ओळख पान आणि देठ कुठे आणि कसे भेटतात तिथे असते. मॉन्स्टेराच्या देठाच्या टोकाला, पान सुरू होण्याआधी, एक सुरकुतलेला सांधा असतो. काका त्याला गुडघा म्हणायचे. त्या गुडघ्यातून झाड पान उजेडाकडे वळवतं. फाटक्या पानांचा जो फिलोडेंड्रॉन लोक मॉन्स्टेरा म्हणून घरी आणतात, त्याला हा गुडघा नसतो. शिवाय मॉन्स्टेराच्या पानात मधल्या शिरेजवळ भोकं पडतात, फिलोडेंड्रॉनचं पान कडेकडूनच फाटत जातं. आणि जुनी पानं गळून गेल्यावर त्याच्या खोडावर डोळ्यांसारख्या खुणा राहतात. "एकाला गुडघे आहेत, दुसऱ्याला डोळे आहेत," काका म्हणायचे. "आता यात गोंधळ व्हायचं कारण काय?"

गोंधळ मात्र सगळीकडे होता आणि तो निस्तरायचा मक्ता काकांनी घेतला होता. पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की रांग सोडून ते मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या कुंडीजवळ जायचे. तिच्यावर मॉन्स्टेरा अशी पाटी होती. काका ती उलटी करून ठेवायचे. दुसऱ्या महिन्यात पाटी पुन्हा सरळ. तिसऱ्या महिन्यात मॅनेजरने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "काका, तुम्हाला त्रास काय आहे?"

"मला नाही. त्याला आहे," काका म्हणाले. "मॉन्स्टेरा समजून तुम्ही त्याला काठी बांधलीत. तो चढणारा नाही, पसरणारा आहे. मोकळी जागा द्या. आणि कुंडीला खाली भोक आहे का बघा."

भोक नव्हतं. मॅनेजरने कुंडी बदलली, काठी काढली, पाटी बदलली. त्या दिवसापासून काका रांगेत उभे राहायला लागले.

घरामागच्या फणसावर एक वेल चढला होता. खाली त्याची पानं तळहाताएवढी, वर जावं तशी मोठी, आणि शेंड्याजवळ पितळी परातीएवढी, कडा फाटलेल्या. बघणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय आहे? काका म्हणायचे, मनीप्लांट. कुणाचा विश्वास बसायचा नाही. टीव्हीशेजारी बाटलीत जगतो तोच हा, फक्त याला चढायला झाड आणि वर उजेड मिळाला, हे सांगताना काका खुशीत यायचे. आपल्या मुलाचं परदेशातलं पद सांगावं तसे.

एकदा काकूंच्या माहेरची माणसं आली होती. त्यांना वासोण्याची सिंहांची सफारी दाखवायला आम्ही सगळे गेलो. जाळीच्या बसमध्ये सगळे श्वास रोखून दोन्ही बाजूंना बघत होते. एकदम काका ओरडले, "थांबवा! थांबवा! तो बघा!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बस एका अंगाला कलली, सगळ्यांनी मोबाईल काढले. कुठे, कुठे? काका सागाच्या एका झाडाकडे बोट दाखवत होते. त्याच्यावर मोठ्या पानांचा एक वेल चढला होता.

"आजोबा, सिंह कुठाय?" एका पोरीने विचारलं.

"सिंह काय, फिरत फिरत येईल इकडे. हा येणार आहे का तुझ्याकडे?"

पाहुण्यांनी पुढे पुष्कळ वर्षं ती गोष्ट सांगितली. त्या दिवशी सिंहही दिसला होता. तो कुणाच्या लक्षात नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी नेत होते. काकांच्या हाताखाली वर्षभर राहून मला बरंचसं कळतं असंही मला वाटायला लागलं होतं. अशात आमच्या साहेबांनी नवं रिसेप्शन बांधलं आणि मला म्हणाले, "जरा मोठी पानंवाली झाडं ठेवा ना, हॉटेलसारखं वाटलं पाहिजे." मी काकांना घेऊन गेले. त्यांनी पंजा धरला, एसीच्या झोताखाली उभे राहिले आणि म्हणाले, "प्लास्टिकची ठेवा."

मी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी घरच्या तीन कुंड्या दिल्या. ती अलोकेशिया होती. अळवाच्या कुळातलीच, पण पान तुकतुकीत, ताठ उभं, टोक आभाळाकडे. अळवाचं पान मखमली असतं आणि टोक खाली लोंबतं. काकांनी मला ते दोन-दोनदा सांगितलं. पाणी बेताने, माती भुसभुशीत, एसीपासून लांब. आणि शेवटी म्हणाले, "थंडीत पानं टाकेल. एकेक पिवळं पडेल. घाबरू नको. खाली कंद दाबून बघ. कडक असेल तर मेलं नाही गो, झोपलंय. पाणी तोडायचं आणि वाट बघायची."

थंडीत तसंच झालं. जानेवारीत तिन्ही कुंड्यांत पिवळे देठ तेवढे उरले. मुंबईहून पाहुणे यायचे होते. साहेब येता-जाता कुंड्यांकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी कंद दाबून बघितला नाही. खरं सांगायचं तर मला आठवण होती, पण पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. मी माळ्याला सांगितलं, हे मागे टाकून दे. त्याने कुंड्या कँटीनच्या मागे उलट्या केल्या, रिकाम्या करून धुतल्या आणि त्यांत मी नर्सरीतून आणलेली दुसरी झाडं लावली. काकांना सांगितलं, मेली. त्यांनी हीर कानावरून काढून परत कानावर ठेवली.

कँटीन सुमनताई चालवायच्या. नंदुरबारकडच्या. नवरा त्याच कारखान्यात होता, मशीनवर काम करताना हात गेला तेव्हापासून घरीच. कँटीनच्या ठेकेदाराने त्यांना स्वयंपाकाला ठेवलं होतं. मागच्या मोरीचं पाणी जिथे वाहतं तिथे त्यांनी अळू लावलं होतं. अळवाला ओलावा लागतो, तिथे ते माजलं होतं. पावसाळ्यात त्या त्याच्या वड्या करत. कारखान्यात सगळे त्या वड्यांना पात्रा म्हणायचे. पात्राच्या दिवशी जेवायला नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी.

श्रावणातल्या एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ध्या तासात सात-आठ माणसं घसा धरून माझ्या टेबलाशी आली. घशात आग होतेय, जिभेला सुया टोचल्यासारखं होतंय. त्यातला किशोर नावाचा मुलगा, शहाद्याकडचा, रात्रपाळीचा, पात्रासाठी म्हणून मुद्दाम दुपारी आला होता. त्याचे ओठ सुजले होते आणि त्याला नीट गिळता येत नव्हतं. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बाकीच्यांना थंड दूध, दही देऊन संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. किशोरला दाखल करून घेतलं.

ठेकेदार दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि आल्या-आल्या म्हणाला, बाईला काढतो. सुमनताई कँटीनच्या दारात उभ्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, मना हातना स्वयपाक खाईसन आजलगून कोनी आजारी पडनं नई. तीन वरीस जायात. चिंच घातली व्हती, शिजाडं बी व्हतं. मना काय चुकनं?"

मी काकांना फोन केला. ते तासाभरात स्कूटरवरून आले. हातात पाण्याची बाटली, कानावर हीर. कुणाशी न बोलता ते थेट मागच्या मोरीपाशी गेले, चिखलात उतरले आणि एकेका पानावर ओंजळीने पाणी शिंपडत पुढे सरकायला लागले. साहेब, ठेकेदार, सुमनताई आणि मी काठावर उभे होतो. पानावर पडलेलं पाणी मण्यांसारखं गोल होऊन घरंगळत होतं. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. मग एका पानावर पाणी गोल झालंच नाही. पसरलं आणि पान ओलं दिसायला लागलं.

"हे अळू नाही," काका म्हणाले.

अशी तीन झाडं निघाली, अळवाच्या दाटीत एकमेकांपासून हातभर अंतरावर. कंदातून नव्याने फुटलेली, कोवळी असल्यामुळे त्यांचे देठही अळवासारखेच पानाला थोडे आतून जोडलेले होते आणि पानांची टोकंही अजून वर उठली नव्हती. माझ्या डोळ्यांना तर काहीच फरक दिसला नसता. काकांनी त्यांतलं एक मुळासकट उपटलं. मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचा होता, वर रुंद, खाली निमुळता. त्यांनी तो फोडला, आतली माती बोटांत चुरली. काकांची माती मी ओळखत होते. भाताचं तूस ते दर उन्हाळ्यात स्वतः किलवणीहून पोत्यात भरून आणायचे, विटांचे बारीक तुकडे चाळून त्यात घालायचे.

"ही माती माझी आहे," ते हळूच म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी खाली बघितलं.

साहेबांच्या केबिनपर्यंत आम्ही सगळे एकामागून एक चालत गेलो. तेवढ्या वेळात मी पुष्कळ विचार केला. माझा दोन वर्षांचा प्रोबेशनचा काळ संपायला दोन महिने होते. घरी वडिलांना मी कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. आणि काका बोलले नाहीत तर कुणाला कळणार नव्हतं, हाही विचार केला.

काका बोलले, पण वेगळंच. "साहेब, झाड माझं आहे. मी दिलं. त्याच्यावर विषारी अशी चिठ्ठी लावायला हवी होती, ती मी लावली नाही. मी चुकलो."

"ते ठीक आहे," ठेकेदार म्हणाला, "पण रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळायला नको? हिच्या भरवशावर तीनशे माणसं जेवतात."

काकांनी वाफ्यातून तोडून आणलेली दोन पानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. "यातलं अळू कुठलं?"

साहेबांनी चष्मा लावला. पानं उलटसुलट केली. ठेकेदारही वाकला. दोघांनी वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवलं.

"तुमच्यातल्या एकाने आत्ता तीनशे माणसांचे घसे जाळले," काका म्हणाले. "खुर्चीत बसून, चष्मा लावून. ही बाई पहाटे पाचला, चिखलात उभी राहून पानं कापते. तिच्या वाफ्यात तिने जे लावलं ते अळूच होतं. दुसरं तिथे आलं ते तिला कोणी सांगितलं?"

सुमनताई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटतं, काका मुद्दाम थांबले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते.

"मी टाकली ती झाडं," मी म्हणाले. "जानेवारीत. काकांनी सांगितलं होतं मेलेली नाहीत म्हणून. मी बघितलं नाही. माळ्याला मागे टाकायला सांगितली, आणि सुमनताईंना सांगितलं नाही."

साहेबांनी मला लेखी समज दिली आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. सुमनताईंची नोकरी राहिली. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "बोलल्या ते बरं केलं ताई. पण मले आधी बोलायचं. चिखलातून केबिनपर्यंत येईस्तोवर मी मनात पोराची शाळा सोडवली होती." 

काका पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की काकूंना सांगत, मी समोर असले तरी. "तिला सांग, नळ नीट बंद कर म्हणावं." सहाव्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. मी लेखी समजेचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

"ठेव," म्हणाले. "तुझ्यात आणि माझ्यात फरक आहे. माझ्या कागदात मी बरोबर होतो. चप्पल घाल. त्या मुलाकडे जायचंय."

किशोर दवाखान्यातून घरी आला होता. सूज उतरली होती. तो नरोलीत एका चाळीसारख्या लांब इमारतीत राहायचा, एका मालकाच्या ओळीने बांधलेल्या तेवीस खोल्या. त्याच्या खोलीत चौघं राहात, दोन दिवसपाळीचे, दोन रात्रपाळीचे. दुपारचे बारा वाजले होते. दार उघडल्यावर मला आत काही दिसलं नाही. मग भिंतीशी झोपलेला किशोर दिसला, खुंट्यांवरचे कपडे, कोपऱ्यात गॅस. खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की भर दुपारी बल्ब लावायला लागायचा.

मी माफी मागितली. तो अवघडून उठून बसला, म्हणाला, "जाऊद्या ना मॅडम, आता बरं आहे." सगळं दोन मिनिटांत आटपलं. पण काका दारातच उभे होते. सवयीने त्यांनी पंजा पुढे केला होता आणि जमिनीकडे बघत होते. सावली नव्हती. ते आत आले, भिंतीवरून हात फिरवला, ओल बघितली. मग सरळ बाहेर जाऊन मालकाचा पत्ता विचारत निघाले.

मालक शेवटच्या खोलीतच दुकान मांडून बसला होता. काका म्हणाले, "मी पस्तीस वर्षं झाडं ठेवतोय. त्या सात नंबरच्या खोलीत मी मनीप्लांटसुद्धा ठेवणार नाही. तुम्ही चार माणसं ठेवलीत."

मालक हसला. "काका, माणूस आणि झाड वेगळं आहे."

"हो. मीही असंच म्हणायचो," काका म्हणाले. "चुकलो."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी केबिनमध्येही ऐकला होता, पण तिथे तो माझ्यासाठी खोटा होता. इथे खरा होता. ते त्या दिवशी परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बँकेत जसे जायचे तसेच, न चिडता, न थकता. चौथ्या खेपेला त्यांनी स्वतः मागच्या भिंतीवर खडूने खिडकीचा चौकोन आखला, कुठल्या वेळी कुठून उजेड येईल ते मालकाला समजावलं. त्याच चाळीत राहणाऱ्या सुमनताईंनीही तिथल्या आठ-दहा बायकांना पुढे केलं. शेवटी मालक कंटाळला आणि म्हणाला, "एका खोलीला खिडकी पाडून बघू. भिंत खचली तर तुम्ही जबाबदार."

भिंत खचली नाही. गवंड्याने दोन दिवसांत खिडकी बसवली, लोखंडी जाळीची, पत्र्याच्या झडपेची. मी पुढच्या रविवारी काकांबरोबर बघायला गेले. काका नव्या कपड्यात होते. आम्ही दार उघडलं आणि आत पुन्हा अंधार. खिडकीच्या जाळीवर कुणीतरी खोक्याचा पुठ्ठा लावून सुतळीने घट्ट बांधला होता.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. ते तरातरा पुढे गेले आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. तेवढ्यात चादरीतून किशोर उठला, डोळे चोळत.

"काका, नको ना," तो म्हणाला. "सकाळी आठला येतो मी ड्युटीवरून. ऊन सरळ तोंडावर येतं. तीन दिवस झोपलो नाही. परवा मशीनवर डुलकी लागली."

काकांचा हात सुतळीवर तसाच राहिला. सुमनताईंचा नवरा हात गमावून घरी बसला होता, तोही अशाच मशीनवर. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काकांनी सुतळीवरचा हात काढला. कोपऱ्यात पडलेला पत्र्याचा डबा ओढून घेतला आणि किशोरच्या अंथरुणाशेजारी त्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून थोडं पुढे वाकले.

"मला सांग," ते म्हणाले, "तुला उजेड किती वाजता पाहिजे?"

किशोर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. आणि काय हवं ते काकांनी कुणाला विचारलेलं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"चार वाजता," तो विचार करून म्हणाला. "चारच्या नंतर. तेव्हा मी उठतो. आणि दिवसपाळीच्या त्या दोघांना सकाळी पाहिजे, सात ते आठ."

काकांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं.